ललिता पवार

ललिता पवार (मूळ नाव: अंबा लक्ष्मणराव शगुन, जन्म: येवला, जि. नाशिक, १८ एप्रिल १९१६, मृत्यू: औंध, पुणे, २४ फेब्रुवारी १९९८) या मराठी आणि हिंदी चित्रपटांतील अभिनेत्री होत्या. मूकपटांच्या काळात बालकलाकार म्हणून सुरू झालेली त्यांची कारकीर्द बोलपट आणि रंगीत चित्रपट यांमधून पुढे जात दूरचित्रवाणीवरील 'रामायण' या मालिकेपर्यंत पोहोचली. १९४२ मध्ये एका चित्रीकरणाच्या वेळी झालेल्या अपघातात त्यांच्या डाव्या डोळ्याची रक्तवाहिनी फुटली आणि चेहऱ्याच्या डाव्या बाजूला पक्षाघात झाला. दीर्घ उपचारांनंतरही डावा डोळा कायमचा बारीक राहिला. नायिका म्हणून त्यांची वाटचाल तेथे थांबली आणि चरित्र-अभिनेत्री म्हणून नवी कारकीर्द सुरू झाली. खाष्ट सासू आणि मंथरा या रूपांत त्या घराघरांत ओळखल्या जात असल्या, तरी त्यांना फिल्मफेअर पुरस्कार मिळवून देणारी भूमिका एका मायाळू घरमालकिणीची होती.

जन्म आणि बालपण

ललिता पवार यांचा जन्म नाशिक जिल्ह्यातील येवला येथे झाला. पैठणी आणि रेशमी वस्त्रांसाठी प्रसिद्ध असलेल्या या गावात त्यांचे वडील लक्ष्मणराव शगुन यांचा रेशमी व सुती कापडाचा व्यापार होता. घरची स्थिती चांगली होती. त्यामुळे, त्या काळातील अनेक अभिनेत्रींप्रमाणे पोटापाण्यासाठी चित्रपटांत यावे लागले, असे त्यांच्याबाबतीत घडले नाही. पुण्यात चित्रपटाचे चित्रीकरण पाहायला गेलेली ही मुलगी तेथील मंडळींच्या नजरेत भरली आणि दरमहा १८ रुपये पगारावर तिला कामावर घेण्यात आले, अशी हकिकत त्यांच्या चरित्रात सांगितली जाते.

पुण्यातील आर्यन फिल्म कंपनीच्या चित्रपटांतून त्यांनी कामाला सुरुवात केली. नानासाहेब सरपोतदार हे या कंपनीचे प्रमुख दिग्दर्शक होते. त्यांच्या आरंभीच्या चित्रपटांमध्ये १९२८ सालच्या 'राजा हरिश्चंद्र'चा उल्लेख नेहमी केला जातो. हा चित्रपट दादासाहेब फाळके यांच्या १९१३ च्या त्याच नावाच्या चित्रपटाहून वेगळा आहे. पदार्पणाच्या वेळी त्या नऊ वर्षांच्या होत्या असे अनेक ठिकाणी लिहिलेले आढळते. परंतु १९१६ हे जन्मवर्ष धरल्यास १९२८ मध्ये त्यांचे वय सुमारे बारा होते. मूकपटांच्या काळात त्या अंबू या नावानेही ओळखल्या जात.

मूकपट आणि आरंभीचे बोलपट

मूकपटांच्या अखेरच्या वर्षांत पौराणिक कथा, मारधाड आणि अद्भुतरम्य साहस यांवर आधारलेल्या चित्रपटांना मोठी मागणी होती. अशा चित्रपटांतून त्या नायिका म्हणून पुढे आल्या. १९३२ मध्ये 'कैलास' या मूकपटाच्या निर्मितीतही त्यांचा सहभाग होता. वयाच्या सोळाव्या वर्षी निर्मितीत भाग घेणारी अभिनेत्री ही त्या काळी दुर्मीळ गोष्ट होती. पुढे १९३७ मध्ये 'दुनिया क्या है' या बोलपटाच्या निर्मितीतही त्या सहभागी झाल्या. लिओ टॉलस्टॉय यांच्या 'पुनरुत्थान' या कादंबरीवर हा चित्रपट आधारलेला होता. दिग्दर्शक गणपतराव पवार यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि पवार हे आडनाव त्यांनी पुढे कायम ठेवले. कालांतराने त्यांनी अंबिका स्टुडिओचे निर्माते राजप्रकाश गुप्ता यांच्याशी विवाह केला.

१९३१ मध्ये 'आलम आरा'बरोबर बोलपट आला आणि मूकपटांतील अनेक कलावंत एका फटक्यात मागे पडले. उच्चार, आवाज आणि गाणे या तिन्ही कसोट्या एकदम पुढे आल्या. पार्श्वगायन रुळेपर्यंत पडद्यावरील कलावंतालाच गावे लागे. ललिता पवार या कसोटीत टिकल्या. १९३५ सालच्या 'हिम्मत-ए-मर्दा' या बोलपटात त्यांनी नायिकेची भूमिका केली आणि गाणेही गायिले. मराठीत भालजी पेंढारकर यांचा 'नेताजी पालकर' (१९३९), तसेच 'संत दामाजी' आणि 'गोरा कुंभार' हे त्यांचे या काळातील उल्लेखनीय चित्रपट होत. वि. स. खांडेकर यांनी लिहिलेल्या आणि मास्टर विनायक यांनी दिग्दर्शित केलेल्या 'अमृत' (१९४१) या चित्रपटात त्यांनी चर्मकाराच्या पत्नीची भूमिका केली. केवळ देखण्या नायिकेला शोभणारी ही भूमिका नव्हती. चरित्र-भूमिकांची त्यांची क्षमता अपघातानंतर अचानक निर्माण झाली, असे जे मानले जाते, त्याला 'अमृत'मुळे छेद जातो.

१९४२ चा अपघात

१९४२ मध्ये 'जंग-ए-आझादी' या चित्रपटाचे चित्रीकरण चालू असताना एका प्रसंगात सहकलाकाराने त्यांना थोबाडीत मारावयाची होती. हे सहकलाकार म्हणजे भगवान आबाजी पालव, म्हणजेच पुढे 'अलबेला' (१९५१) मुळे प्रसिद्ध झालेले भगवानदादा. चित्रपटात थोबाडीत मारण्याचा अभिनय करताना हात गालाच्या जवळून फिरवला जातो, किंवा अगदी हलका लावला जातो. त्या दिवशी तो अंदाज चुकला आणि हात पूर्ण जोराने बसला. ललिता पवार खाली कोसळल्या. त्यांच्या डाव्या डोळ्यातील रक्तवाहिनी फुटली आणि नंतर चेहऱ्याची डावी बाजू लुळी पडली. त्या वेळी त्यांचे वय २६ वर्षांचे होते.

या घटनेच्या अनेक वर्णनांत भगवानदादांना नवखे अभिनेते म्हटले जाते. वस्तुतः ते तोवर दशकभर चित्रपटांत वावरत होते आणि १९३८ मध्ये 'बहादूर किसान' या चित्रपटाचे सहदिग्दर्शनही त्यांनी केले होते. मात्र त्यांचा वावर मुख्यतः मारधाडीच्या चित्रपटांत होता. व्यायामाची व कुस्तीची त्यांना आवड होती. हा प्रकार हेतुपुरस्सर घडल्याचे कोणीही म्हटलेले नाही. ललिता पवार यांच्या चरित्रात त्याची नोंद अपघात म्हणूनच होते.

अपघातानंतर त्यांच्यावर सुमारे तीन वर्षे उपचार चालले. सुरुवातीचे उपचार चुकीचे झाल्यामुळे दुखणे बळावले, असेही काही वर्णनांत आढळते. लुळेपणा हळूहळू ओसरला, चेहऱ्याची हालचाल बरीचशी परत आली; पण डावा डोळा उजव्यापेक्षा लहान आणि किंचित तिरका राहिला. नायिकेच्या चेहऱ्याकडून प्रेक्षकांची जी अपेक्षा त्या काळी होती, तीत अशा डोळ्याला जागा नव्हती. हाती असलेले चित्रपट गेले आणि नव्या नायिका-भूमिका मिळणे थांबले.

या तीन वर्षांत त्या चित्रपटसृष्टीपासून पूर्णपणे दूर होत्या, अशी समजूत रूढ आहे. तथापि प्रभात फिल्म कंपनीच्या १९४४ सालच्या 'रामशास्त्री' या चित्रपटात त्यांनी राघोबादादांची पत्नी आनंदीबाई हिची भूमिका केली होती. नारायणराव पेशव्यांच्या १७७३ मधील खुनाशी आणि 'ध' चा 'मा' केल्याच्या आख्यायिकेशी जोडले गेलेले हे पात्र मराठी मनात कारस्थानाचे प्रतीक होऊन बसले आहे. अपघातानंतर पडद्यावर आलेल्या त्यांच्या ठळक भूमिकांपैकी ही एक असावी आणि ती आनंदीबाईची असावी, हे त्यांच्या पुढील कारकिर्दीच्या दृष्टीने लक्षणीय आहे.

दुखापतीचे वैद्यकीय स्वरूप

डोळ्याची नस फुटली आणि चेहरा वाकडा झाला, असे या अपघाताचे एका वाक्यातील वर्णन सर्वत्र केले जाते. या वर्णनात एक भाषिक घोटाळा आहे. मराठीत नस हा शब्द रक्तवाहिनीसाठीही वापरला जातो आणि चेतेसाठीही. फुटते ती रक्तवाहिनी आणि दुबळी पडते ती चेता. बोलण्यात मात्र दोन्ही नसाच. डोळ्याच्या पांढऱ्या भागावरील बारीक रक्तवाहिनी फुटल्यास डोळा लालभडक दिसतो. पण त्यामुळे चेहरा लुळा पडत नाही, आणि तो लालपणा काही आठवड्यांत आपोआप ओसरतो. चेहऱ्याचा पक्षाघात होण्यासाठी चेहऱ्याच्या चेतेला इजा व्हावी लागते आणि या चेतेचा मार्ग डोळ्यातून नव्हे, तर कानाच्या हाडातून जातो.

चेहऱ्याच्या स्नायूंना चालना देणारी ही सातवी मस्तिष्क चेता मेंदूच्या मुळाशी उगम पावते, कवटीच्या तळाशी असलेल्या शंखास्थीत शिरते आणि तेथील सुमारे तीन सेंटिमीटर लांबीच्या वळणावळणाच्या अस्थिनलिकेतून कानाच्या मागे-खाली बाहेर पडते. नंतर ती कानापुढील लाळग्रंथीतून जाताना शाखांमध्ये विभागते आणि कपाळ, पापण्या, गाल, ओठ व मान यांच्या स्नायूंपर्यंत पोहोचते. नलिकेचा सर्वांत अरुंद भाग एका मिलिमीटरपेक्षाही कमी रुंदीचा असतो. हाडाच्या भिंती प्रसरण पावत नसल्याने आत थोडीशी सूज आली, किंवा रक्त साचले, तरी चेता चेपली जाते आणि तिला रक्त पुरविणाऱ्या सूक्ष्म वाहिन्याही दबतात. रक्तपुरवठा घटला की सूज वाढते आणि सूज वाढली की रक्तपुरवठा आणखी घटतो. अपघातानंतर ललिता पवार यांच्या कानातून रक्त आल्याचा उल्लेख काही वर्णनांत आहे. डोक्याच्या बाजूवर जोराचा आघात होऊन कानातून रक्त येणे हे शंखास्थीला इजा झाल्याचे लक्षण असू शकते आणि चेहऱ्याची चेता याच हाडातून जाते. डोळ्यापेक्षा कानाचा हा उल्लेख म्हणूनच वैद्यकीयदृष्ट्या अधिक अर्थपूर्ण ठरतो.

या भागात आघाताशिवायही रक्तवाहिन्यांमुळे चेहरा लुळा पडू शकतो. कवटीच्या तळाशी मेंदूकडे जाणाऱ्या मोठ्या रोहिण्या आणि चेहऱ्याची चेता एकमेकींच्या अगदी जवळून जातात. एखादी रोहिणी रुंदावून वेडीवाकडी झाली, तर ती चेतेच्या मुळावर दाब देते. अस्थिनलिकेतील वळणाजवळ शिरांचा जन्मजात सदोष गुंता असल्यास चेहरा अनेक महिन्यांत हळूहळू दुबळा होत जातो. रोहिणीच्या सततच्या ठोक्यांनी चेता चाळवली गेल्यास लुळेपणाऐवजी चेहऱ्याच्या एका बाजूला आपोआप झटके येतात. डोळा आणि चेहरा एकाच वेळी बिघडण्याची शक्यताही येथेच असते. कारण मानेतून वर जाणारी मोठी रोहिणी आधी शंखास्थीतून आणि मग डोळ्याच्या खोबणीमागील शिरांच्या कप्प्यातून जाते. अचानक एका रात्रीत येणारा आणि कोणतेही ठोस कारण न सापडणारा चेहऱ्याचा पक्षाघात सर्वाधिक आढळतो. त्याला स्कॉटिश शल्यविशारद चार्ल्स बेल (१७७४–१८४२) यांचे नाव दिले गेले आहे. आयुर्वेदात या व्याधीला अर्दित म्हणतात, तर बोलीत तोंडावरून वारे गेले असे म्हणण्याची पद्धत आहे.

१९४२ मध्ये कवटीच्या आतील इजा पाहण्याची साधने जवळजवळ नव्हती. क्ष-किरण चित्रात हाडाचा मोठा तडा दिसू शके. पण नलिकेतील सूज किंवा रक्तस्राव दिसत नसे. सीटी स्कॅनचा रुग्णांवरील वापर १९७१ मध्ये सुरू झाला आणि एमआरआय त्याही नंतर आला. सूज उतरविण्यासाठी आज दिल्या जाणाऱ्या स्टेरॉइड औषधांपैकी कॉर्टिसोनचा रुग्णावरील पहिला वापर १९४८ मधील आहे. शेक, मालीश, विजेचे सौम्य झटके आणि वाट पाहणे एवढाच त्या काळातील रुग्णाचा आधार होता.

डोळा बारीक राहण्यामागचे कारणही समजून घेण्यासारखे आहे. चेहऱ्याच्या पक्षाघातात प्रथम डोळा मिटत नाही. तो उलट उघडा राहतो, कारण पापणी उचलणारी चेता वेगळी असते आणि ती शाबूत असते. पुढे दुखावलेल्या चेतेचे तंतू पुन्हा वाढू लागतात, तेव्हा ते नेहमीच जुन्या वाटेने जात नाहीत. ओठांकडे जाणारे काही तंतू पापणीच्या स्नायूला जाऊन मिळतात. मग बोलताना किंवा हसताना त्या बाजूचा डोळा आपोआप आवळला जातो आणि शांत असतानाही थोडा लहान दिसतो. अर्धवट बऱ्या झालेल्या जुन्या पक्षाघातात हे चित्र नेहमी आढळते. ज्या आकुंचनाला प्रेक्षक कपटी नजर समजत, ते अशा रुग्णांच्या बाबतीत स्वभावाचे नव्हे, तर चेतेच्या चुकलेल्या वाटेचे चिन्ह असते.

चरित्र-भूमिकांकडे

चाळिशीच्या दशकाच्या उत्तरार्धात ललिता पवार पुन्हा नियमितपणे काम करू लागल्या. दुर्गा खोटे यांच्यासारख्या त्यांच्या समकालीन अभिनेत्री वयपरत्वे आईच्या भूमिकांकडे वळल्या. ललिता पवार यांच्या बाबतीत हे वळण वयामुळे आले नाही आणि त्यामुळे ते फार लवकर आले. अमिय चक्रवर्ती यांच्या 'दाग' (१९५२) या चित्रपटात त्या दिलीपकुमार यांची आई झाल्या, तेव्हा दोघांच्या वयात सुमारे साडेसहा वर्षांचे अंतर होते. 'हम दोनो' (१९६१) मध्ये त्यांच्या मुलाच्या भूमिकेत असलेले देव आनंद त्यांच्याहून सात वर्षांनी लहान होते.

व्ही. शांताराम यांच्या 'दहेज' (१९५०) या चित्रपटाने त्यांची खाष्ट सासूची प्रतिमा पक्की केली. हुंड्यासाठी सुनेचा छळ करणारी ही सासू इतकी परिणामकारक ठरली की, पुढील तीन दशके तशाच भूमिका त्यांच्याकडे येत राहिल्या. शांताराम यांच्याच 'अमर भूपाळी' (१९५१) या होनाजी बाळाच्या जीवनावरील चित्रपटातही त्या होत्या. 'सौ दिन सास के' (१९८०) या चित्रपटाचे तर नावच त्यांच्या या प्रतिमेवर बेतल्यासारखे आहे. घरातील कडक सासूला ललिता पवार म्हणण्याचा प्रघात महाराष्ट्रात पडला. कोणत्याही अभिनेत्रीच्या वाट्याला अशी प्रसिद्धी क्वचितच येते आणि ती निर्भेळ आनंदाची असते असेही नाही.

कठोर स्त्रीच्या या साच्यातही त्यांनी केलेली कामे एकसारखी नाहीत. गुरुदत्त यांच्या 'मिस्टर अँड मिसेस ५५' (१९५५) मध्ये त्यांनी पुरुषांविषयी तिटकारा असलेल्या, स्त्रियांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या श्रीमंत आत्याचे काम विनोदी अंगाने केले. बिमल रॉय यांच्या 'सुजाता' (१९५९) मधील सनातनी वृद्धेचा कठोरपणा जातीच्या सोवळ्यातून येतो. त्यात व्यक्तिगत दुष्टावा नाही. 'जंगली' (१९६१) मध्ये हसण्यावर बंदी घालणारी आई आणि 'प्रोफेसर' (१९६२) मध्ये म्हाताऱ्या शिक्षकाच्या वेषातील तरुणावर भाळणारी शिस्तप्रिय पालक या दोन्ही भूमिका त्यांनी शम्मी कपूर यांच्यासमोर केल्या. 'प्रोफेसर'मधील या पात्राचा कडकपणा वितळत जाताना हास्यास्पद आणि केविलवाणा असा दोन्ही वाटतो. दाफ्ने दु मोरिए यांच्या 'रेबेका' या कादंबरीवर आधारित 'कोहरा' (१९६४) मधील जुन्या हवेलीची सांभाळणारी दाई हे त्यांचे वेगळ्याच जातीचे काम आहे. तेथे त्या फारसे काही करीत नाहीत. अंधाऱ्या जिन्यावर नुसत्या उभ्या राहून भीती निर्माण करतात.

मायाळू भूमिका

राज कपूर यांच्या 'श्री ४२०' (१९५५) मध्ये ललिता पवार यांनी पदपथावर केळी विकणाऱ्या गंगामाईचे काम केले. मुंबईत नव्याने आलेल्या, खिशात पैसा नसलेल्या तरुणाला ही फटकळ बाई सहज आपलेसे करते. चार वर्षांनी हृषीकेश मुखर्जी यांच्या 'अनाडी' (१९५९) मध्ये त्यांनी मिसेस डिसा ही ख्रिस्ती घरमालकीण साकारली. भाडे थकविणाऱ्या भाडेकरूवर ती सतत ओरडते आणि त्याच वेळी त्याच्या जेवणाची काळजी करते. पुढे ती सदोष औषधाने मरते आणि तिच्या मृत्यूचा आळ त्या निष्पाप भाडेकरूवर येतो. या भूमिकेसाठी ललिता पवार यांना सर्वोत्कृष्ट सहायक अभिनेत्रीचा फिल्मफेअर पुरस्कार मिळाला.

'अनाडी'मधील काम पाहताना एक गोष्ट ध्यानात येते. डावा डोळा येथेही तोच आहे आणि तितकाच बारीक आहे. मेकअपने किंवा छायाचित्रणाने तो लपविण्याचा प्रयत्न दिसत नाही. 'दहेज'मध्ये ज्या डोळ्यातून डाव शिजत असल्याचा भास होतो, तोच येथे मिश्किल दिसतो, हसू दाबणारा दिसतो. हिंदी चित्रपटांत शारीरिक व्यंग आणि दुष्टपणा यांची सांगड घालण्याची रीत जुनी आहे. लंगडा, काणा किंवा चेहऱ्यावर व्रण असलेला माणूस पडद्यावर आला की तो खलनायक हे प्रेक्षक गृहीत धरीत. ललिता पवार यांच्याही वाट्याला बहुतांशी हीच सांगड आली. गंगामाई आणि मिसेस डिसा या दोन भूमिका तिला अपवाद ठरतात. पुढे 'आनंद' (१९७१) मध्ये हृषीकेश मुखर्जी यांनी त्यांना पुन्हा एकदा वरून कडक व आतून हळव्या बाईची, रुग्णालयातील मेट्रनची, भूमिका दिली. या मेट्रनचे आडनावही डिसाच आहे.

मंथरा

बाबूभाई मिस्त्री यांच्या 'संपूर्ण रामायण' (१९६१) या चित्रपटात ललिता पवार यांनी कैकेयीची दासी मंथरा साकारली. मंथरा कुबडी आहे आणि तिचे वाकलेले शरीर हे तिच्या वाकड्या बुद्धीचे रूप मानले जाते. ज्या अभिनेत्रीच्या चेहऱ्यावर खरोखरीची दुखापत होती, तिच्याकडे ही भूमिका येणे त्या काळच्या पात्रनिवडीच्या पद्धतीला धरूनच होते. याच वर्षी त्यांना अभिनयासाठी संगीत नाटक अकादमी पुरस्कार मिळाला.

पाव शतकानंतर रामानंद सागर यांनी दूरदर्शनसाठी 'रामायण' मालिका तयार केली आणि मंथरेसाठी पुन्हा त्यांचीच निवड केली. २५ जानेवारी १९८७ पासून ३१ जुलै १९८८ पर्यंत रविवारी सकाळी प्रक्षेपित झालेल्या या मालिकेच्या वेळी रस्ते ओस पडत. सत्तरी गाठलेल्या ललिता पवार यांना या मालिकेमुळे अशी एक नवी पिढी मिळाली, जिने त्यांचा एकही जुना चित्रपट पाहिला नव्हता. या पिढीपैकी अनेकांना त्यांचा बारीक डोळा हा भूमिकेसाठी केलेला अभिनय वाटे. 'अमृत' किंवा 'हिम्मत-ए-मर्दा'मधील नायिका आणि ही मंथरा एकच, हे त्यांना सांगूनही पटत नसे.

अखेरची वर्षे

नव्वदीच्या दशकापर्यंत त्या लहानमोठ्या भूमिका करीत राहिल्या. त्यांच्या एकूण चित्रपटांची संख्या सर्वसाधारणपणे सातशेहून अधिक सांगितली जाते. मूकपटांच्या काळातील बहुतेक फिती नष्ट झाल्या असल्याने त्यांचे नायिकापर्व आज प्रामुख्याने छायाचित्रांतूनच उरले आहे. अपघातापूर्वीचा त्यांचा चेहरा हलताना-बोलताना पाहण्यासाठी तिशीच्या अखेरच्या आणि चाळिशीच्या आरंभीच्या काळातील बचावलेल्या मोजक्या बोलपटांकडेच वळावे लागते.

अखेरच्या काळात त्यांना कर्करोग झाला होता. उपचारांसाठी आणि विश्रांतीसाठी त्या पुण्यातील औंध येथे राहत होत्या. २४ फेब्रुवारी १९९८ रोजी, वयाच्या ८१ व्या वर्षी, तेथेच त्यांचे निधन झाले. त्या वेळी घरात त्या एकट्याच होत्या आणि निधनाची बातमी बाहेर कळण्यास काही दिवस गेले. पुण्यातच बालवयात त्यांनी पहिल्यांदा कॅमेऱ्यासमोर पाऊल ठेवले होते.